काळ्या सुताराचा फाल्गुन

माघ सरत आला की आमच्या वऱ्हाडातल्या जळगावच्या उत्तरेला सातपुडा जवळ येतो. पावसाळ्यात तो हिरवा आणि दूरचा असतो, हिवाळ्यातल्या सकाळी धुक्यात अर्धाअधिक बुडालेला असतो. पण पानगळ झाली की डोंगराची हाडं दिसू लागतात. घळी, कडे, कोरड्या ओढ्यांच्या पांढऱ्या रेघा, सगळं गच्चीवरून न्याहाळता येतं. काल संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला वर गेले, तर डोंगर असाच कोसभर अलीकडे सरकून बसलेला. पायथ्याशी पळसाचे लाल ठिपके. हातातलं लुगडं तसंच धरून मी बराच वेळ उभी राहिले. खालून नातीनं हाक मारली तेव्हा कुठं भानावर आले.

असे कितीतरी फाल्गुन आले नि गेले. आठवण मात्र एकाच फाल्गुनाची येते. ज्या फाल्गुनात मी मामंजींचे डोळे होते, त्याची.

मी खामगावची. माझं लहानपण जिनिंगच्या भोंग्यावर उठण्यात आणि जेवण्यात गेलं. हंगामात आमच्या गल्लीत हवेतसुद्धा कापूस असायचा. केसांत, पापण्यांवर, दुधावरच्या सायीत. पाखरं म्हणाल तर चिमणी, कावळा, पोपट आणि देवळावरचा पारवा, एवढीच माझ्या ओळखीची. लग्न होऊन जळगावला आले तेव्हा मामंजी जंगलखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झाले होते. त्या काळी आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला, सरकार नागपूरला. मामंजींची सगळी नोकरी सातपुड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरण्यात गेली होती. घरी आले, शेती बघू लागले, तरी कान त्यांचे डोंगराकडेच असत. जेवता जेवता हात थांबवून म्हणायचे, “हरियल बसले पिंपळावर.” आम्ही बाहेर जाऊन पाहावं तर खरंच पिंपळावर हिरवी कबुतरं.

त्यांचं एकच दुखणं होतं आणि ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. हिवतापातून उठून ते पुन्हा कामावर गेले होते. एका सकाळी वाळलेल्या सालईच्या बुंध्यावर त्यांना एक पक्षी दिसला. सुतारपक्षीच, पण आपल्याकडच्या सोनेरी पाठीच्या सुतारासारखा नाही. डोमकावळ्यापेक्षा अंगानं मोठा, कोळशासारखा काळा, पोट पांढरं आणि डोक्यावर रक्तासारखा लाल तुरा. तो बुंध्यावर चोच मारायचा तो आवाज खोऱ्यात घुमायचा. मामंजी झाडाखाली उभे राहून त्याला मनसोक्त पाहत राहिले. मग त्यांनी साहेबाला सांगितलं. साहेब हसला आणि म्हणाला, हिवतापावरच्या कोयनेलनं कानात आवाज येतात हे मला माहीत होतं, डोळ्यांना पक्षी दिसतात हे आज कळलं. ते कचेरीत पसरलं. पुढं बदली होईल तिथं ते त्यांच्या आधी पोचलेलं असे. मामंजी काही सांगायला लागले की कोणीतरी तुऱ्याचा रंग विचारायचं.

असा पक्षी आहे, हे खरं होतं. कोकणपट्टीच्या वरच्या घाटांत आहे, पूर्वेला बस्तरकडे आहे. पण सातपुड्यात तो पूर्वी असल्याचं म्हातारी माणसं सांगत आणि मामंजींनंतर तो कोणीच पाहिला नव्हता. असला तर आता संपला असेल, असंच सगळे म्हणत. हे मला डॉक्टरांकडून कळलं. डॉक्टर मूळचे नागपूरचे, आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन इथंच राहिलेले. त्यांना पाखरांचा नाद होता, पुस्तकं होती, आणि रोज संध्याकाळी ते मामंजींकडे ओसरीवर येऊन बसत. दोघांची मैत्री जुनी आणि घट्ट. फक्त या एका पक्ष्यापाशी ती अडायची. डॉक्टर फार सभ्य माणूस. ते कधी खोटं म्हणाले नाहीत. म्हणायचे, “रेंजरसाहेब, तुम्ही काहीतरी पाहिलंत, एवढं मी मानतो.” हे ‘काहीतरी’ मामंजींना साहेबाच्या हसण्यापेक्षा जास्त लागायचं. डॉक्टर गेले की ते डोंगराकडे तोंड करून बसून राहत. सासूबाई त्यांच्यापुढं पानाचा डबा सरकवत आणि म्हणत, “पाखराले कोनी पाह्यलं नाई म्हून त्याचं काई अडलं काय? तुमचंच अडते.”

त्या वर्षी थंडी सरता सरता डॉक्टरांनी बातमी आणली. नागपूरचे एक विद्वान गृहस्थ प्रांतातल्या सगळ्या पक्ष्यांवर पुस्तक लिहीत होते. होळीच्या सुमाराला ते बुलडाण्याकडे येणार होते आणि डॉक्टरांकडे उतरणार होते. काळ्या सुताराबद्दल त्यांनी ऐकलं होतं. पण एका माणसाच्या जुन्या सांगण्यावर पुस्तकात पक्षी घालता येत नाही. दुसऱ्या कोणी पाहिला असेल तर गोष्ट वेगळी, असं त्यांचं म्हणणं.

मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. माणूस ओळखायचे ते आवाजावरून आणि चालण्यावरून. समोर धरलेलं बोट दिसे, पण झाड दिसलं तर फांदी नाही, फांदी दिसली तर पाखरू नाही. शस्त्रक्रियेचं बोलणं चालू होतं, पण मोतीबिंदू अजून पिकला नाही असं सांगत होते. दोन दिवस ते ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी मी अंगणात शेंगा फोडत बसले होते, तर काठी टेकत आले आणि म्हणाले, “सूनबाई, तुह्यी नजर चांगली हाय. सुईत दोरा एका दमात घालतं तू. माह्यासंगं डोंगराले येशीन काय?”

मी सासूबाईंकडे पाहिलं. सून सासऱ्याबरोबर जंगलात फिरते म्हटल्यावर गावात काय काय बोललं जाईल ते त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. हे, म्हणजे माझे यजमान, शाळेत मास्तर. त्यांना सुटी नव्हती. सासूबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “तिले घेऊन जा. पन मीबी येते.”

अशी आमची दमणी पहाटे निघू लागली. दोघं म्हातारी, मी, आणि बैल हाकायला घरचा गडी. डोंगराच्या पायथ्याशी मोहाच्या झाडाखाली दमणी सोडायची. सासूबाई तिथंच चादर अंथरून निवडण-टिपण घेऊन बसायच्या आणि मी मामंजींचा हात धरून कोरड्या ओढ्यानं वर जायची.

पहिले काही दिवस मला काहीच दिसलं नाही. म्हणजे झाडं दिसत होती, पण पाखरं ऐकू येत आणि दिसत नसत. मामंजी सांगायचे, पाखराले शोधू नको, हालचाल शोध. झाडाकडे असं पाहा जसं काही तुला त्यातलं काहीच नको आहे. हळूहळू मला सवय झाली. खात्यातून मिळालेली त्यांची जुनी दुर्बीण गळ्यात घातली की मान अवघडून जाई. सागाची मोठाली पानं पायाखाली पापडासारखी मोडत. सालईची झाडं पानं टाकून पांढुरकी, नितळ उभी असत आणि उन्हं चढली की त्यांच्या डिंकाचा धुपासारखा वास येई. धावड्यावर सोनेरी पाठीचा सुतार दिसला त्या दिवशी मी लहान मुलीसारखी हरखले. मामंजींनी विचारलं, पाठ कशी, चोच केवढी, मान कशी हलवतो, बुंध्यावर कसा चढतो. माझ्या तोंडून ऐकून ते पाहत होते. मध्येच थांबवून म्हणायचे, “हा तोच. याले मी ओळखतो.” आणि डोळे मिटून हसायचे.

आता लिहिताना वाटतं, त्या दिवसांत मी त्यांना जितकं ओळखलं तितकं पुढं कधीच ओळखलं नाही. घरी सासरा म्हणजे डोक्यावरचा पदर आणि खाली गेलेली नजर. डोंगरात मात्र मी त्यांचा हात धरून चालत होते, खड्डा आला की सांगत होते, काटा काढून देत होते. तेही तिथं वेगळे होते. तरुणपणी वाघाच्या भीतीनं झाडावर रात्र काढल्याचं त्यांनी मला सांगितलं, सासूबाईंना आजवर सांगितलं नव्हतं. सांगू नको असंही म्हणाले. मी सांगितलं नाही.

तो आवाज आला तेव्हा सकाळचं ऊन चांगलं पसरलं होतं. माझ्या आधी तो मामंजींना आला. माझ्या दंडावरची त्यांची बोटं एकदम घट्ट झाली.

“आयक,” ते म्हणाले.

रिकाम्या सागवानी पेटीवर कोणीतरी मुठीनं भराभर मारावं तसा आवाज. सुरुवातीला मोठा, मग विरत जाणारा. खोऱ्याच्या पलीकडच्या उतारावरून येत होता. थांबला. पुन्हा आला. मामंजींचा चेहरा कसा झाला होता ते मला शब्दांत सांगता येणार नाही. त्यांनी माझा हात सोडला आणि एका दगडावर बसले. म्हणाले, “मी आलो त पानं वाजतीन. तू जाय. धीरानं जाय.”

मी चपला काढल्या आणि ओढ्याच्या वाळूतून, जिथं पानं नव्हती तिथून तिथून, पुढं गेले. वळणावर एक मोठी वाळकी सालई होती, अर्धी साल गळालेली. तिच्या बुंध्यावर, माझ्या विरुद्ध बाजूला, काहीतरी हललं. सालीचा मोठा तुकडा खाली पडला. ऊन नेमकं समोरून येत होतं. मी दुर्बीण डोळ्याला लावली, तोवर तो पक्षी बुंध्यावरून सुटला आणि खोऱ्यावरून पलीकडे गेला. काळा. कावळ्याहून मोठा. पोटाकडे पांढरा, आणि शेपटाच्या वरही पांढरं काहीतरी चमकलं. साधे सुतार उडताना वरखाली हेलकावे खातात; हा सरळ गेला, संथ. डोकं मला दिसलं नाही. ऊन डोळ्यांत होतं, आणि मी नको तिथं पाहत होते. तो झाडीत शिरला आणि आवाज पुन्हा आला नाही.

मी परत आले तेव्हा मामंजी उठून उभे होते. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. “काय होता ते मले सांगू नको. काय दिसलं ते सांग.”

मी सांगितलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा, फिरवून फिरवून विचारलं. पाय दिसले काय. झाडावर आडवा होता का उभा. उडताना आवाज आला काय. पांढरं एका बाजूला होतं का दोन्ही. कावळ्यालाही कधी कधी पांढरी पिसं येतात, माहीत आहे काय. आणि शेवटी, जणू त्याला काही महत्त्व नाही अशा आवाजात, “डोकं?”

“डोकं नाई दिसलं, मामंजी.”

“बरं,” ते म्हणाले आणि माझा हात धरून उतरू लागले. रस्ताभर दमणीत डोळे मिटून बसले.

घरी मात्र सण झाला. सासूबाईंनीच दमणीतून उतरता उतरता शेजारणीला सांगितलं असणार. संध्याकाळी डॉक्टर धावत आले, माझ्याकडून सगळं ऐकलं आणि मान डोलावत राहिले. हे शाळेतून आले ते उंबऱ्यातच थांबून माझ्याकडे पाहत राहिले, जणू मीच काही दुर्मीळ पाखरू होते. मामंजी कोपऱ्यात बसून होते. त्यांना आनंद झाला आहे की नाही, काही कळत नव्हतं. आम्ही सगळ्यांनी तो झाला आहे असंच धरलं.

पाहुणे यायला अजून थोडे दिवस होते. या दिवसांबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे, कारण तिचा मी पुढं आयुष्यभर विचार केला. मी ते दृश्य रोज मनात पाहत होते. स्वयंपाक करताना, आडावर पाणी शेंदताना. आणि रोज ते थोडं थोडं बदलत होतं. आधी बुंध्याआडून हललेली सावली होती. मग तिला मान आली. एके दिवशी चुलीपुढं बसले असताना माझ्या लक्षात आलं की पक्ष्याच्या डोक्यावर लाल आहे. स्पष्ट, चांगलं लाल. मी दचकले. हे मी पाहिलं होतं की मामंजींनी मला सांगितलं होतं? मी त्या सकाळच्या पायवाटेनं मनातल्या मनात परत गेले, ऊन डोळ्यांत घेतलं, पुन्हा पाहिलं. लाल तिथंच होतं. ते आता निघत नव्हतं.

एका संध्याकाळी हे माझ्याजवळ येऊन बसले. त्यांनी वडिलांचं ते दुखणं लहानपणापासून पाहिलं होतं. शाळेत मुलं यांनाही त्या पक्ष्यावरून चिडवायची. ते म्हणाले, “तुले लाल दिसलंच असंल. एवढ्या जवळून पाह्यलं तू. पाहुन्याले सांग का दिसलं. आबाले एक डाव मान मिळू दे न.” ते विनवत होते, दरडावत नव्हते. मी सुपातलं धान्य निवडत राहिले. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. आणि खरं सांगते, आता ते खोटंही राहिलं नव्हतं. मला लाल दिसत होतंच.

नागपूरचे पाहुणे होळीच्या आदल्या दिवशी आले. उंच, शांत, हळू बोलणारे गृहस्थ. डॉक्टर त्यांना घेऊन आमच्या ओसरीवर आले. सासूबाईंनी ताक दिलं. दाराआडून बोलायची रीत होती, पण मामंजींनी मला बाहेर बोलावलं आणि पाहुण्यांसमोर बसायला सांगितलं. पाहुण्यांनी मला आदरानं, एकेक करून विचारलं. मी सांगत गेले. आकार, रंग, पोट, उडणं. मग त्यांनी विचारलं, “आणि डोकं? तुरा पाहिलात का, बाई?”

हे दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. डॉक्टर पुढं झुकले होते. माझ्या डोळ्यांसमोर तो लाल तुरा होता. मी मामंजींकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, पाहूच शकत नव्हते. पण त्यांचा कान माझ्याकडे होता, तसाच, जसा पिंपळावरच्या हरियलांकडे असायचा.

“त्या दिवशी नाई दिसलं,” मी म्हणाले. “आता मले दिसते. पन त्या दिवशी नाई दिसलं.”

पाहुण्यांना ते नीटसं कळलं नसावं. तरी ते म्हणाले, की डोकं नसलं तरी बाकीचं वर्णन नेमकं जुळतं. आकार जुळतो, पांढरं जुळतं, उडणं जुळतं. रेंजरसाहेबांचं जुनं पाहणं आणि या बाईंचं आताचं, अशा दोन साक्षी झाल्या. त्यावरून पक्षी पुस्तकात घालायला हरकत नसावी. डॉक्टर मामंजींकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मित्राला काहीतरी देता येत असल्याचा आनंद होता.

मामंजी म्हणाले, “नाई. तिचं धरू नका.”

यांनी “आबा” म्हणून काहीतरी म्हणायला सुरुवात केली, ती तिथंच राहिली.

“कावळा होता असं मी म्हनत नाई,” मामंजी हळू बोलत होते. “पोरीनं जे पाह्यलं ते खरंच सांगतलं. पन तिले काय पाहाचं ते मीच शिकवलं. काळं पाहा, पोट पाहा, सरळ उडते का पाहा. महिनाभर मी तिच्या कानात हेच भरून राह्यलो. मंग तिले जे दिसलं त्यात तिचं किती न माह्यं किती, हे कोन सांगीन? माह्याच घरची साक्ष, मीच शिकवलेली. कोर्टात उभी राहीन काय?”

पाहुण्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी फक्त मान हलवली, आणि मला वाटतं त्या मान हलवण्यात आदर होता. पण मला आठवतो तो डॉक्टरांचा चेहरा. ते मामंजींकडे पाहत होते, जसं एखाद्या अनोळखी माणसाकडे पाहावं. मग त्यांनी विचारलं, “आणि तुम्ही पाहिलात तेव्हा, रेंजरसाहेब? तुम्हाला कोणी शिकवलं होतं?”

“मले कोन शिकवीन? असं पाखरू असते हेच मले ठावं नव्हतं. पाह्यल्यावर चार वर्सांनी त्याचं नाव समजलं.”

डॉक्टर उठले. मला वाटलं ते रागावून निघाले. त्यांनी मामंजींच्या जवळचं पाण्याचं तांब्याभांडं बाजूला केलं, त्यांच्या शेजारी चटईवर बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. म्हणाले, “इतकी वर्षं मी हे विचारलंच नाही. तुम्ही पाहिला होतात. काळा सुतारच पाहिला होतात.”

मामंजींनी दुसऱ्या हातानं धोतराचा सोगा चाचपून शोधला आणि डोळे पुसले. मोतीबिंदूच्या डोळ्यांना पाणी येतंच, असं सासूबाई नंतर आम्हाला सांगत होत्या. आत जाऊन त्या स्वतः किती वेळ चुलीपुढं बसून होत्या ते मी पाहिलं होतं.

पुस्तक पुढं निघालं. त्यात काळ्या सुताराला एकच वाक्य मिळालं: सातपुड्याच्या पश्चिम भागातून एका जाणकार निरीक्षकानं फार पूर्वी पाहिल्याचं सांगितलं आहे, खात्री व्हायला हवी. नाव नव्हतं. डॉक्टरांनी ते वाचून दाखवलं आणि चिडले. मामंजी म्हणाले, बरोबर लिहिलं आहे.

आता माझ्या नातीकडे रंगीत चित्रांची पुस्तकं आहेत आणि वजनाला हलकी दुर्बीण. तिचे मित्रमैत्रिणी सुटीत येतात, डोंगरात जातात, आणि संध्याकाळी चहा पिताना मला गराडा घालून विचारतात, आजी, तुम्ही पाहिलात का हो तो. मी त्यांना जे सांगते त्यात लाल नसतं. तरी डोळे मिटले की मला ते दिसतं. माणसाला आठवण दिली आहे ती खरं जपायला की हवं ते रंगवायला, हे मला अजून उमगलेलं नाही. बहुतेक दोन्हीला. त्या पोरांपैकी कोणाला वाटतं मी नक्की पाहिला, कोणाला वाटतं डोमकावळा असेल. त्यांच्यात वाद होतात. मी ऐकत बसते. एवढ्या वर्षांत कोणी त्याचं छायाचित्र आणलेलं नाही. एकदा कोणीतरी एक पीस आणलं होतं, ते भारद्वाजाचं निघालं.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर मामंजींच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. जाड भिंगाचा चष्मा लागला. पहिल्यांदा चष्मा लावला तेव्हा त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, म्हातारी झाली तू. पुढच्या फाल्गुनात आम्ही पुन्हा डोंगरात गेलो. ती वाळकी सालई वादळात पडली होती. तिच्या बुंध्यात मोठमोठी लांबट भोकं होती; कोणी पाडली, कधी पाडली, कोण सांगणार. मामंजी खाली बसून त्या भोकांवरून बोटं फिरवत राहिले. मग आम्ही ओढ्यात सावलीला बसलो. मी भाकरी सोडली, ठेचा वाढला. पानगळीचा वारा होता, आणि समोरच्या उतारावर एकही पान नव्हतं.

जेवता जेवता ते म्हणाले, “सूनबाई, तू पाह्यला होता.”

मी चपापले. म्हणाले, “तुमीच त नाई म्हनलं होतं, मामंजी. पाहुन्यासमोर.”

“ते पुस्तकासाठी. पुस्तकाले पुरावा लागते.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चष्म्यातून माझ्याकडे नीट पाहिलं. असं सरळ पाहायची त्यांची ती पहिलीच वेळ असेल. “मले काऊन लागीन? मी त त्याचा आवाज आयकला. आन तू परत आली तवा तुह्या पायात काटे होते. चालन्यावरूनच मले समजलं, न तुले ते समजलंबी नव्हतं.”